तुमच्या धंद्याचे 'पंच' कोणाच्या कपाटात आहेत? श्रीरामपूरच्या कर्मकार घराण्याची गोष्ट



घरात एखादं जुनं पितळी पातेलं किंवा स्टीलचा डबा असेल तर त्याच्या कडेला जरा बघा. आजीचं नाव, लग्नाची तारीख, 'सप्रेम भेट' असं काहीतरी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं सापडेल. भांड्यांच्या दुकानात कोपऱ्यात बसून ही नावं घालणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. पूर्वी हातोडी आणि बारीक छिन्नी होती, नंतर विजेवर चालणारं मशीन आलं.

माझ्या एका बॅचला असे एक काका आले होते. तीस-पस्तीस वर्षं हेच काम करतायत. त्यांनी सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारला आणि मी जरा गप्पच झालो. म्हणाले, "सर, हात माझा आहे. पण दुकान शेठचं, मशीन शेठचं, गिऱ्हाईकही शेठचंच. मग मी पोरांना नेमकं काय देऊन जाणार?"

या आठवड्याच्या व्हिडिओत मी या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न केलाय. पण दहा मिनिटांत ती गोष्ट पूर्ण बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. गोष्ट दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वीची, बंगालमधली आहे. कोरीवकाम करणाऱ्या एका घराण्याच्या तीन पिढ्या त्यात आहेत. आणि तुम्ही आत्ता जी देवनागरी वाचताय, तिच्या छपाईच्या इतिहासात या घराण्याचा मोठा वाटा आहे.

लोहाराच्या घरातला माणूस

बंगालमध्ये 'कर्मकार' हे आडनाव लोहारकाम, धातुकाम करणाऱ्यांचं. पंचानन कर्मकार हे हुगळी जिल्ह्यातल्या त्रिवेणीचे. त्यांचे पूर्वज तांब्याच्या पत्र्यांवर, हत्यारांवर अक्षरं आणि नक्षी कोरायचे असं सांगितलं जातं. म्हणजे हातात कला होतीच. मार्केट बदलत होतं.

१७७८ साली हुगळीला नॅथॅनियल हालहेड या इंग्रज अधिकाऱ्याचं बंगाली भाषेचं व्याकरण छापायचं होतं. पुस्तक इंग्रजीत, पण त्यातली उदाहरणं बंगाली लिपीत. बंगाली अक्षरांचे छपाईचे खिळे तयार कोण करणार? कंपनीतलाच चार्ल्स विल्किन्स नावाचा अधिकारी पुढे आला. त्याला लिपीची आवड होती, डोकं होतं. पण पोलादावर रोज छिन्नी चालवणारा हात वेगळा असतो. तो हात पंचाननांचा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पंचाननांनी आपली कला बदलली नाही, ती कुठे वापरायची ते बदललं. तलवारीवर अक्षर कोरणारा माणूस आता पुस्तकासाठी अक्षर कोरायला लागला. तुमच्यापैकी कितीतरी जण मला विचारतात, "सर, आमच्या कामाला आता डिमांड नाही." त्यांना मी एवढंच विचारतो, कामाला डिमांड नाही की तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाला?

पंच, मातृका आणि खिळा

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, सगळा धंदा यातच आहे.

जुन्या छपाईत प्रत्येक अक्षराचा एक धातूचा खिळा असायचा. असे हजारो खिळे जुळवून एक पान व्हायचं. आपल्याकडे छापखान्यात 'खिळे जुळवणे' हा शब्द अगदी परवा-परवापर्यंत होता. पण हे हजारो खिळे कोणी एकेक करून कोरत नव्हतं. कोरायचा तो फक्त एक पंच.

पंच म्हणजे पोलादाची बोटभर कांडी. तिच्या टोकावर अक्षर उलटं आणि उठावदार कोरायचं. 'क' कोरायचा तर त्याच्या पोटातली पोकळी आधी खोल करायची, मग बाहेरची बाजू कानशीने आणि छिन्नीने केसाएवढी-केसाएवढी उतरवत न्यायची. मध्येमध्ये ते टोक दिव्याच्या काजळीत धरायचं आणि कागदावर दाबून बघायचं, अक्षर कसं उमटतंय. जरा जास्त घासलं गेलं की संपलं, कांडी फेकायची आणि पहिल्यापासून सुरू. अक्षर मनासारखं झालं की पोलाद तापवून त्याला पाणी द्यायचं, म्हणजे ते कडक होतं.

हा कडक पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात अक्षराचा खळगा पडतो. त्याला मातृका म्हणतात. ती साच्यात बसवायची आणि वरून शिसं, कथील, अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतायचा. गार झाला की खिळा तयार. एका मातृकेतून हवे तेवढे खिळे ओता. झिजले की वितळवा, पुन्हा ओता.

म्हणजे बघा, पंच करायला दिवस जातात, मातृका पटकन होते, आणि खिळे ढिगाने पडतात. छापखान्याचा रोजचा व्यवहार खिळ्यांवर चालतो. कस्टमरला दिसतात तेही खिळे, किंवा खिळ्यांनी छापलेलं पान. पण सगळ्याचं मूळ त्या बोटभर पोलादात असतं.

इंग्रजीत लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरं, वर आकडे आणि चिन्हं. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरली की पंचांची संख्या काही शेकड्यांत जाते. प्रत्येक पंच हाताने कोरलेला, आणि सगळे एकमेकांशेजारी एकाच हातचे वाटले पाहिजेत. लंडनचे कारखाने या कामाला भारी किंमत सांगायचे. इथला कारागीर तेच काम त्याच्या कितीतरी कमी पैशात करत होता. (स्वस्त होता म्हणून तो कमी दर्जाचा, असं समजू नका. आपल्या लोकांची ही सवय आहे.)

चांगल्या कारागिरावरून ओढाताण

१८०० साली विल्यम केरी आणि त्याच्या मिशनरी सहकाऱ्यांनी श्रीरामपूरला छापखाना सुरू केला. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. कंपनीच्या हद्दीत मिशनऱ्यांना परवानगीची अडचण, म्हणून हे ठिकाण. त्यांना भारतीय भाषांत बायबल छापायचं होतं, त्यासाठी खिळे हवे होते. पंचानन त्यांच्याकडे आले.

कसे आले याचीही एक हकीकत सांगितली जाते. तेव्हा ते कोलब्रुक या बड्या अधिकाऱ्याच्या कामावर होते, केरीने त्यांना थोड्या दिवसांसाठी मागून घेतलं आणि मग परत पाठवलंच नाही. कोलब्रुकने तक्रारी केल्या म्हणे. खरं-खोटं किती ते सोडा, पण त्या वेळी या हाताला किती मागणी होती ते यातून कळतं. आज एखाद्या चांगल्या सीएनसी ऑपरेटरला किंवा मिठाईच्या कारागिराला शेजारचा मालक पळवतो, तसंच हे.

अर्धवट राहिलेलं काम

आता खरी परीक्षा. १८०३ च्या सुमारास श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांचं काम सुरू झालं. शेकडो पंचांचं काम. आणि ते अर्ध्यावर असतानाच पंचानन वारले.

मित्रांनो, इथे जरा थांबा आणि आपल्या धंद्याचा विचार करा. ऑर्डर घेतलेली आहे, काम अर्ध्यावर आहे, आणि ज्याच्या हातात कला तो माणूस गेला. आपल्याकडच्या नव्वद टक्के छोट्या धंद्यांचं इथे शटर पडेल, असं मी माझ्या अनुभवावरून सांगतो. आकडा कुठल्या रिपोर्टमधला नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे.

श्रीरामपूरला शटर पडलं नाही. कारण पंचाननांनी आपला जावई मनोहर याला हाताखाली तयार केलं होतं. देवनागरीचं राहिलेलं काम मनोहरने पूर्ण केलं. पुढे चाळीसहून अधिक वर्षं तो तिथे पंच कोरत होता. बंगाली आणि देवनागरीच नाही, आणखी कितीतरी लिप्यांचे, अगदी चिनीसुद्धा. आणि या घडीचा आपल्याशी थेट संबंध आहे. केरीचं मराठी भाषेचं व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरलाच देवनागरी खिळ्यांत छापलं गेलं. १८१० चा मराठी कोश तिथलाच, त्यात मोडी खिळे वापरलेत. १८१४ ची मराठी 'सिंहासनबत्तीशी' पण तिथलीच. मुंबई-पुण्याला मराठी छापखाने उभे राहायच्या आधी मराठी पुस्तकं बंगालमध्ये छापली जात होती, ती या घराच्या हातावर.

मनोहर जावई होता, हे मुद्दाम अधोरेखित करतो. 'आमच्याकडे मुलगा नाही' किंवा 'मुलाला यात इंटरेस्ट नाही' म्हणून धंदा बंद करणारे खूप लोक मला भेटतात. घराण्याची कला घरातच राहिली, पण ती ज्याने शिकायची तयारी दाखवली त्याच्याकडे गेली. आणि मनोहर शिकला तो चालू ऑर्डरवर. वही काढून 'मी गेल्यावर हे वाच' असं कोणी शिकवत नाही. पोलाद किती तापलं की पाणी द्यायचं, हे रंग बघून कळतं. तो रंग शेजारी उभं राहूनच बघावा लागतो.

११ मार्च १८१२

त्या दिवशी संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाचे गठ्ठे जळाले. अनेक लिप्यांचे खिळे वितळून गेले. केरीची कित्येक वर्षांची हस्तलिखितं, कोशाची कामं राख झाली, आणि त्यातलं बरंचसं पुन्हा कधी उभं राहिलं नाही. मोठं नुकसान होतं.

पण ढिगारा उपसल्यावर पोलादी पंच शाबूत सापडले. वितळलेला धातूही होताच. मातृका पुन्हा जुळवल्या, त्याच धातूचे खिळे पुन्हा ओतले, आणि काही आठवड्यांत छपाई परत सुरू झाली.

गंमत म्हणजे अगदी असंच विल्किन्सच्या बाबतीतही झालं होतं. इंग्लंडला परत गेल्यावर त्याने घरीच देवनागरीचे पंच कोरले. १७९५ साली त्याच्या घराला आग लागली. खिळे गेले, बहुतेक पंच आणि मातृका वाचल्या. त्यांच्याच जोरावर पुढे १८०८ साली त्याचं संस्कृत व्याकरण निघालं.

तुमच्या धंद्यात खिळे कोणते आणि पंच कोणते, ही यादी तुम्ही कधी केली आहे का? फरसाणवाल्याचा रोजचा माल म्हणजे खिळे. मसाल्याचं प्रमाण म्हणजे पंच. टेलरने शिवलेले ब्लाउज खिळे, गिऱ्हाइकांच्या मापांची वही पंच. ज्वेलरी करणाऱ्याची डाय, पॅकेजिंगवाल्याचं डिझाइन, क्लास घेणाऱ्याच्या नोट्स. आग म्हणजे आगच पाहिजे असं नाही. मोबाइल चोरीला गेला, दुकान सोडावं लागलं, पार्टनर फुटला, तरी आगच. अशा वेळी काय शिल्लक राहील? माप घेऊन सगळं डोक्यात ठेवणारा टेलर स्वतःला हुशार समजतो. मला त्याची काळजी वाटते.

पण पंच कोणाचे होते?

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. श्रीरामपूरच्या त्या ढिगाऱ्यातून वाचलेले पंच कोरले कोणी? पंचानन, मनोहर आणि त्यांच्या हाताखालच्या कारागिरांनी. पण मालकी कोणाची? मिशनची. ओतशाळा मिशनची होती. तिथून बाहेरच्या छापखान्यांनाही खिळे विकले जायचे. पुढची कित्येक वर्षं पूर्वेकडच्या लिप्यांची ती सगळ्यात मोठी ओतशाळा मानली जात होती. त्या व्यापाराची मिळकत छापखान्याला आणि मिशनच्या कामाला गेली, घराण्याला पगार मिळाला.

यात मिशनने फसवलं वगैरे असं मी म्हणणार नाही. पोलाद, तांबं, जागा, कागद, सगळी रिस्क त्यांची होती. मनोहरला चाळीस वर्षं नियमित काम मिळालं, मान मिळाला. १८३९ साली तिथे गेलेल्या एका पाहुण्याने लिहून ठेवलंय की मनोहर आपल्या देवाच्या मूर्तीखाली बसून बायबलसाठीच्या मातृका करत होता, आणि त्याशिवाय काम करायला तयार नव्हता. मालकाला चालवून घ्यावं लागत होतं, कारण तसा दुसरा हात नव्हता. ही पण एक ताकदच आहे. नोकरी करणाऱ्या कारागिराला कमी लेखणारे मोटिव्हेशनवाले मला आवडत नाहीत.

तरी फरक आहेच. कला वारशाने देता येते, पगार देता येत नाही. हे या घराण्याच्याही लक्षात आलं असावं. कारण मनोहर आणि त्याचा मुलगा कृष्णचंद्र यांनी श्रीरामपुरातच स्वतःचा छापखाना काढला आणि त्यातून बंगाली पंचांगं छापली. किती पक्का धंदा निवडला बघा! पंचांग दर वर्षी नवीन लागतं, घराघरात लागतं, आणि जुनं झालं की कोणी परत करायला येत नाही. त्यात चित्रं असायची, आणि कृष्णचंद्र स्वतः लाकडावर चित्रं कोरणारा. पहिली पिढी दुसऱ्यासाठी अक्षर कोरत होती, तिसरी पिढी स्वतःच्या मालावर कोरायला लागली. १८५० मध्ये कृष्णचंद्र वारला.

मुंबईत हेच वेगळ्या पद्धतीने झालं

महाराष्ट्रातलं उदाहरण पण बघू, कारण तिथे मार्ग वेगळा होता. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याचं सुरुवातीचं देवनागरी काम बंगालमधून आणलेल्या खिळ्यांवर झालं. पुढे तिथेच चांगले देवनागरी खिळे बनायला लागले. त्या छापखान्यात जावजी दादाजी नावाचा एक गरीब घरातला मुलगा टाइप घासायच्या कामाला लागला. घासायच्या! म्हणजे ओतलेल्या खिळ्याच्या कडा साफ करायच्या, सगळ्यात खालचं काम.

जावजींची खरी ओळख पंच कोरणारा म्हणून नाही. पंच कोरणारे होते राणोजी रावजी आरू, त्यांचे जोडीदार. जावजींनी आधी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि मग १८६९ साली निर्णयसागर छापखाना. हा क्रम बघा. आधी पंच-मातृका आपल्या ताब्यात, मग छपाई. खिळे विकायचे, त्याच खिळ्यांनी स्वतःची पुस्तकंही छापायची. निर्णयसागरच्या संस्कृत पुस्तकांची छपाई इतकी स्वच्छ की ती देशभर आणि परदेशातही नावाजली गेली. १८९२ साली जावजी गेले, आणि मुलगा तुकाराम जावजी यांच्या नावाने पुस्तकं निघतच राहिली. वारसा म्हणून त्यांच्या हातात छिन्नी आली नाही, चालू कारखाना आला.

म्हणजे हात असणारा आणि धंदा बघणारा एकच माणूस असला पाहिजे असं काही नाही. पण दोघांपैकी एकाच्या तरी कपाटात पंच असले पाहिजेत, आणि भागीदारी असेल तर ते कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे.

आज कोटेशन देताना

हे सगळं इतिहासात ठेवू नका. प्रिंटिंग, पॅकेजिंग, मोल्डिंग, एम्बॉसिंग, नेमप्लेट, ट्रॉफी, चॉकलेटचे साचे, यातलं काहीही करत असाल तर तुम्हाला 'डाय चार्ज' किंवा 'ब्लॉक चार्ज' माहीत आहे. पहिल्या ऑर्डरला कस्टमरकडून डायचे पैसे घेतले, डाय मात्र तुमच्याकडेच पडून राहते. दोन वर्षांनी तो म्हणतो, "माझी डाय द्या, दुसरीकडे करून घेतो." आणि भांडण सुरू. कारण कोणीच लिहून ठेवलेलं नसतं. कोटेशनवर एक ओळ टाका: डायचे पैसे कोणी दिले, डाय कोणाची, किती वर्षं सांभाळणार, आणि तिच्यावर दुसऱ्याचं काम करणार की नाही. ज्या डायचे पैसे तुम्ही घातलेत तिचा फोटो, नंबर आणि तारीख रजिस्टरला लिहा.

त्या काकांकडे मशीन नव्हतं, दुकान नव्हतं, हे खरं. पण बोलता बोलता कळलं की त्यांच्याकडे एक जुनी वही आहे. वेगवेगळ्या वळणांची अक्षरं, वेली, कलश, मोर, तुळशीवृंदावन, जे जे त्यांनी आयुष्यभर भांड्यांवर काढलं त्याचे कच्चे नमुने. लग्नाच्या सीझनमध्ये बायका येऊन "ते मागच्या वेळचं वळण घाला" म्हणतात, ते याच वहीतलं. त्यांनी कधी ती दुकानात ठेवली नव्हती, घरी ट्रंकेत होती.

काही महिन्यांनी ते परत भेटले तेव्हा धाकटी मुलगी बरोबर होती. तिने वहीची सगळी पानं स्कॅन केली होती. लेसर मशीन अजून घेतलेलं नाही, एका ओळखीच्याकडे तासाच्या भाड्यावर काम करून घेतात आणि तांब्याच्या बाटल्यांवर, देवघराच्या तबकांवर नावं घालून स्वतःच विकतात. पहिल्या नमुन्यात मशीनने 'श्री'ची वेलांटी फार जाड काढली होती. ती काकांनी पेन्सिलने दुरुस्त करून दिली, आणि मुलीने वहीत त्या पानाला नंबर घातला, एक.